तातेरावांची पाणचक्की

शनिवार, १६ ऑगस्ट १९७५

ही डायरी गेल्या सालची आहे. यांना एस.टी.च्या डेपोत कुणीतरी दिली, ती कोरीच पडून होती. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून मी ते खोडून बरोबरचा वार लिहिते. कुणाशी तरी मनातलं बोलायला हवं आहे, कारण काल गावासमोर मी जरा जास्तच बोलून बसले.

झालं असं. झेंडावंदनानंतर शाळेच्या ओसरीवर गावाची बैठक बसली. विषय नेहमीचाच, वीज कधी येणार. खांब सात मैलांवर येऊन थांबलेत, ते दोन वर्षं तिथेच उभे आहेत. आमचे हेडमास्तर मार्तंडराव अर्ज वाचून दाखवत होते. ‘या गावाने आजवर विजेचा दिवा पाहिलेला नाही’ असं त्यात एक वाक्य होतं. तेवढ्यात पायरीखाली उभे असलेले मामा, म्हणजे माझे सासरे तातेराव, बोलले.

"सर, तेवढं खोडा. या गावात लाइट व्हती. म्या लावल्ती."

सगळी बैठक हसली. मामांचे गुडघे धरतात म्हणून ते शाळेची पायरी कधी चढत नाहीत, खालीच उभे राहतात. तिथे उभ्या उभ्या त्यांनी ते हसू ऐकून घेतलं. धर्मराजनं, ज्याच्याकडे गावातला एकुलता एक ट्रॅक्टर आहे, मामांना आठवण करून दिली की तुम्ही जाळीतला पाला काढायला होता, लाइट लावायला हैदराबादचा मिस्त्री होता.

गोष्ट निजामाच्या वेळची. इथल्या जहागीरदाराने केळनेच्या काठी पाणचक्की बांधली, ती दळायला नव्हे तर बंगल्यात विजेचे दिवे लावायला. त्याच बंगल्यात आता आमची शाळा भरते. पाण्याबरोबर येणारा पालापाचोळा जाळीवरून ओढून काढायला महारवाड्यातला एक माणूस ठेवला, ते मामा. ते म्हणतात, शेवटची दोन वर्षं मिस्त्रीची नजर गेली आणि सगळं यंत्र त्यांनी चालवलं. अठ्ठेचाळीसला निजाम गेला, जहागीरदार गेले, मिस्त्री गेला, चक्की बंद पडली. गाव म्हणतं, त्या काळी महाराच्या माणसाला यंत्राला हात कोण लावू देईल? तेव्हापासून लोक मामांना ‘लाइटवाले’ म्हणून हाक मारतात आणि हसतात. खरं सांगायचं तर लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं मीही पदराआड हसत आले.

पण काल मला हसू आलं नाही. मी उठले आणि म्हणाले, दसऱ्याला या शाळेच्या दिवाणखान्यात मामांच्या चक्कीवरचा दिवा लागेल, मी लावून दाखवीन. तालुक्यातल्या आमच्या समाजातली मी पहिली बी.एस्सी. झालेली बाई, या शाळेत विज्ञान शिकवते. धर्मराज म्हणाला, न्हाई लागला तर?

मी तोंड उघडायच्या आत मामांनीच उत्तर दिलं. "न्हाई लागला तर मी या जन्मी लाइटचं नाव काढणार न्हाई. गावानं मला खोटा म्हणावं."

घरी आल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, सासऱ्या-सुनेनं मिळून घराचं नाक कापायला काढलंय. दसरा चौदा ऑक्टोबरला आहे. आमचा धम्मदीक्षेचा दिवस. एकोणसाठ दिवस उरले आणि मी ती चक्की अजून पाहिलेलीसुद्धा नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

आज पाहिली.

नदीकडे जायला वाट अशी नाहीच. बाभळी आणि घाणेरीचं रान माजलंय. मामा पुढे, मी मागे. गंमत अशी की इतक्या रानातही मामा कुठे अडखळले नाहीत, कुठे वाकायचं, कुठे वळायचं सगळं पाठ असल्यासारखं. म्हटलं, म्हातारपणी जुनंच लक्षात राहतं ते असं.

चक्कीघर काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. छपराचे पत्रे अर्धे उडालेत, पण ज्या खोलीत यंत्र आहे तिच्यावरचे शाबूत आहेत. बाहेरच्या बाजूला खोल कुंडी, आणि तिच्यात ते चाक. मी पुस्तकात पाहिलं होतं. पुस्तकातलं चाक बोटाएवढं असतं. हे दोन पुरुष उंच, लोखंडी, कडेनं तिरप्या पत्र्याचे खण. वरून पाटाचं पाणी त्या खणांत पडायचं आणि वजनानं चाक फिरायचं. आता त्यात पिंपळाचं रोप उगवलंय आणि होल्यांनी घरटं केलंय. मामा कुंडीत सरसर उतरले. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

आत अंधार, वटवाघळांचा वास. दारातच माझा धीर सुटला, पण मामांसमोर कबूल कोण करणार? पदर नाकाला लावून शिरले. चाकाचा आस भिंतीतून आत येतो, त्याच्यावर दातेरी चाकं, मग पट्ट्याचं चाक. आणि कोपऱ्यात सागाची एक मोठी पेटी, झाकण खिळ्यांनी बंद.

"यातच हाय," मामा म्हणाले. "मिस्त्री गेला तवा म्या झाकून ठिवली."

मी पेटी उघडायला निघाले तर म्हणाले, घाई नको, आधी पाणी येऊ दे. पाणी आणायचं म्हणजे पाट मोकळा करायचा. वरच्या बंधाऱ्यापासून इथवर अर्धा कोस. तो चालत पाहून आले. पाट नाहीच, गाळ आणि गवताची एक लांबलचक रेघ आहे. हे काम मामा आणि मी करायचं म्हटलं तर दसरा सोडा, दोन शिमगे जातील.

येताना मामा एकटेच बोलत होते. पाणी किती सोडायचं, झडप किती बोटं उचलायची, चाकाचा आवाज कसा आला की पट्टा चढवायचा. मी हूं हूं करत होते. मनात मात्र एकच विचार, हा माणूस खरंच हे सगळं करत होता की दुसऱ्याला करताना बघत होता?

बुधवार, २० ऑगस्ट

मार्तंडराव सरांनी ऑफिसात बोलावून समजावलं. बाई, तुम्ही हुशार आहात, पण गावासमोर असल्या पैजा लावू नयेत, नोकरी अजून कायम नाही. मी मान डोलावली. मग त्यांनी कपाटातून शाळेचा गॅल्व्हानोमीटर काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, लागला तर असू द्या. माणूस चांगला आहे. विश्वास नसला तरी वस्तू देतो.

रविवार, २४ ऑगस्ट

आज मी मालनबाईंच्या पाया पडायची बाकी राहिले.

मालनबाई आमच्या वस्तीतल्या. बहात्तरच्या दुष्काळात इथल्या बायांनी दोन वर्षं खडी फोडली, तलावाची माती वाहिली. त्यांच्या टोळीवर मालनबाई मुकादम होत्या. परवा मी त्यांना पाट दाखवला आणि म्हटलं, दहा-बारा जणी मिळाल्या तर महिन्याभरात होईल का? त्या पाटाच्या कडेनं चालत गेल्या, पावलं मोजली, काठी रोवून गाळ किती ते पाहिलं आणि थुंकून म्हणाल्या, "बाई, हे दोन ऐतवाराचं काम हाय. तुमी फकस्त बाजूला व्हा."

आज एकतीस बाया आल्या. आपापली फावडी, आपापली घमेली घेऊन. मजुरी नाही, हे आधीच सांगितलं होतं. मालनबाईंनी दोरी लावून तुकडे आखले, ज्या टोळीचा तुकडा मागे राहील तिला सगळ्याजणी नावं ठेवणार, एवढाच नियम. दुपारपर्यंत पाऊण पाट उघडा पडला. गाळाखाली दगडी फरशी निघाली, एकही दगड हललेला नाही. मला वाटायचं, दुष्काळानं या बायांना फक्त थकवलं. मी चुकले.

मीही फावडं घेतलं होतं. तासाभरात हाताला फोड आले. मालनबाई म्हणाल्या, तुमी हिशेब करा, माती आमी बघतो. हिशेब करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून पाणी वाटत फिरले.

रविवार, ३१ ऑगस्ट

पाट पूर्ण झाला. बंधाऱ्याची जुनी फळी कुजली होती, ती गावच्या सुतारानं नवी करून दिली. सुतार धर्मराजच्या बाजूचा, पण म्हणाला, मला बघायचंय.

आज पेटी उघडली. आत घोंगडीत गुंडाळलेला डायनामो. ओतीव लोखंडाचा, वर पितळी पट्टी, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि २२० व्होल्ट. मी हात लावला आणि त्याचा आस फिरवून पाहिला तर फिरला. सत्तावीस वर्षांनंतर. बेअरिंगमधलं वंगण काळं पडलेलं नाही, बोटाला ओलं लागतं. चाकाच्या आसालाही तसंच. जुन्या काळचं विलायती वंगण किती चांगल्या प्रतीचं असे, नाही तर आताचं. मामांना तसं म्हटलं, तर ते नुसते हो म्हणाले आणि घोंगडीची घडी घालू लागले.

मग एक छोटी कटकट झाली. मामा म्हणाले, पैल्या दिवशी इथं मोठा सोहळा असायचा. दरसाल उन्हाळ्यात नदी आटली की चक्की बंद, आणि पाणी आलं की पुन्हा सुरू. त्या सुरुवातीच्या दिवशी मुनीम नारळ फोडायचा, यंत्राला शेंदूर लावायचा, डफडं वाजायचं, आणि जहागीरदारांची मोटार इथं दाराशी आणून उभी करायचे. मोटार आल्याशिवाय लाइट सुरू होत नसे.

मी म्हटलं, मामा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशाला? जहागीरदाराचा मोठेपणा त्यांच्याबरोबर गेला. यंत्र नारळावर चालत नाही. मामांचा चेहरा उतरला. "बराबर हाय," म्हणाले. "आमी तर छप्पनलाच सोडलं ते सगळं. मी आपलं सांगितलं." नंतर काहीतरी आणखी बोलायला गेले आणि मध्येच तोडून पेटीचं झाकण लावू लागले. मीच थोडं कडक बोलले असेन. पण विज्ञानाच्या कामात सुरुवातीलाच ठणकावलेलं बरं.

बुधवार, १० सप्टेंबर

पट्टा मिळाला. जुना उंदरांनी खाल्ला होता. हे सुट्टीवर आले तेव्हा भोकरदनच्या पिठाच्या गिरणीतून त्यांचा उतरवलेला पट्टा मागून आणला. यांनी तो खांद्यावर टाकून एस.टी.तून आणला, आणि स्वतः कंडक्टर असून त्या पट्ट्याचं लगेज भरलं. वडिलांचं हे लाइटप्रकरण यांना कधीच आवडलं नाही, डेपोत चिडवतात म्हणे. पण पट्टा आणला. जालन्याहून डायनामोतून वीज बाहेर घेणारे कार्बनचे ठोकळेही आणले. डायनामो आठ दिवस उन्हात वाळवला, तांब्याचा भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला.

रविवार, १४ सप्टेंबर

चाक फिरलं!

मामांनी झडप उचलली. चार बोटं. पाणी पाटातून आलं, आधी गढूळ, मग निवळ, आणि वरून चाकाच्या खणात पडू लागलं. एक खण भरला, दुसरा भरला. काहीच नाही. मालनबाईंनी माझा दंड धरला होता, तो अजून दुखतोय. मग आतून एक लांब करकर आवाज आला आणि ते एवढं मोठं चाक हळूच, जांभई दिल्यासारखं, खाली झुकलं. आणि मग थांबलंच नाही. बाया ओरडल्या, होले उडाले. पिंपळाचं रोप मामांनी सकाळीच काढून काठावर लावलं होतं.

मामा भिंतीला कान लावून उभे होते. आवाज पाहिजे तसा झाल्यावर त्यांनी झडप एक बोट खाली घेतली. मला आवाजात काहीही फरक कळला नाही. त्यांना कळला. आज पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरं बोलतोय.

रविवार, २१ सप्टेंबर

पट्टा चढवला, डायनामो पूर्ण वेगात फिरला. बल्ब लावला. लागला नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

ठोकळे बदलले. तारा तपासल्या. पट्टा आवळला. बल्ब यांनी जालन्यात पेटवून पाहिलेला आहे, म्हणजे बल्ब चांगला. गॅल्व्हानोमीटरचा काटा जागचा हलत नाही. रोज शाळा सुटली की नदीवर, रोज तेच. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की दिवा लागतो, हा त्याचाच मोठा भाऊ, मग याला काय धाड भरली?

रविवार, २८ सप्टेंबर

आजचं लिहायला लाज वाटते, पण लिहीन.

आज बरीच माणसं पाहायला आली होती. धर्मराजही. चाक फिरतंय, डायनामो गुणगुणतोय आणि दिवा ठार काळा. धर्मराज फार काही बोलला नाही, एवढंच म्हणाला की पाला काढणाऱ्याला पाला माहीत. लोक हसत निघून गेले. मी घामानं आणि वंगणानं बरबटलेली, आणि मामा शेजारी उभे राहून म्हणतात, पोरी, त्या मोटारीचं जरा...

मी तोडून टाकलं. म्हटलं, मामा, पुरे. खरं सांगा, तुम्ही हे यंत्र स्वतः चालवलं होतं, की नुसतं पाहिलं होतं?

ते रागावले नाहीत. झडप पाडली, चाक थांबेपर्यंत वाट पाहिली, डोक्याला पटका गुंडाळला आणि निघाले. सगळ्या गावानं सत्तावीस वर्षं विचारलं ते आज मी विचारलं, आणि मी घरातली आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

मामा चक्कीवर येत नाहीत. जेवतात, गुरं बघतात, झोपतात. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. मार्तंडराव सरांनी विचारलं, दसऱ्याचं काय करायचं, लोकांना सांगून टाकू का? मी म्हटलं, आठ दिवस थांबा.

पुस्तक तीनदा वाचलं. चित्रात दोन बाजूंना चुंबक, मध्ये तारेचं वेटोळं. सगळं बरोबर आहे. बरोबर असून लागत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज आत्याबाई बोलल्या.

मी ओसरीवर बसून ते चित्र पुन्हा काढत होते. त्या शेंगा फोडत होत्या. एकदम म्हणाल्या, मी अडाणी बाई हाय, पण एक इचारते. सत्तावीस वर्सं माणूस दरसाल पावसाच्या आधी गाडीचं वंगण घेऊन त्या रानात कशाला जाऊन राह्यला मंग? खोटं बोलणारा माणूस जाईल का?

मी पेन खाली ठेवलं. गाडीचं वंगण! आणि मी विलायती वंगणाचं कौतुक करत बसले होते. मामांना रानातली वाट पाठ होती ती म्हातारपणाची आठवण नव्हती, ती दरसाल तुडवलेली वाट होती. मी बी.एस्सी. झाले आणि डोळ्यांसमोरचं वंगण मला दिसलं नाही.

मामा गोठ्यात होते. मी जाऊन त्यांच्यासमोर शेणातच बसले आणि म्हटलं, मामा, माझं चुकलं. त्या पहिल्या दिवशी काय काय व्हायचं ते सगळं सांगा. नारळ, शेंदूर, मोटार, काही सोडू नका. ते म्हणाले, ते पूजेतलं हाय पोरी, आपल्या कामाचं न्हाई. मी म्हटलं, कामाचं आहे की नाही ते आपण दोघं मिळून ठरवू.

मग वैरण सारखी करता करता ते बोलायला लागले.

"मुनीम नारळ फोडायचा. मोटार दाराशी यायची. मंग मिस्त्री तिचं पुढचं झाकण उघडायचा, आतून दोन तारा काढायचा आन यंत्राला लावायचा. जरासंच. ठिणगी उडाली की जल्दी काढून घ्यायचा. मंग पुढं सालभर मोटारीचं काम न्हाई. सालातून एकदाच, नारळाच्या दिवशी, म्हणून मला बी वाटलं पूजाच हाय. छप्पनला नारळ सोडला तवा मनातून ते बी सोडून दिलं."

मोटारीच्या पुढच्या झाकणाखाली बॅटरी असते.

मी ओरडले की हसले ते आठवत नाही. गाय बिचकली एवढं खरं. चित्रात चुंबक आयता काढलेला असतो! आमच्या डायनामोत चुंबक नाहीच, लोखंड आहे आणि त्याला तारेचे वेढे आहेत. तो स्वतःचीच वीज वापरून स्वतःला चुंबक करतो. लोखंडात थोडं चुंबकपण उरलेलं असतं त्यावर त्याची सुरुवात होते. इतकी वर्षं पडून राहिला, तेही निघून गेलं. त्याला आरंभाला चिमूटभर वीज बाहेरून हवी, जसं दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लागतं. मी हे मामांना विरजणाचंच उदाहरण देऊन सांगितलं. ते ऐकून आधी त्यांचा विश्वास बसेना.

"म्हंजे ती पूजा नव्हती?"

"नव्हती, मामा. नारळ पूजा होती. मोटार यंत्राचं काम होतं."

ते शेणाने भरलेले हात तसेच धरून उभे राहिले. म्हणाले, मिस्त्रीची नजर गेल्यावर दोन सालं त्या तारा म्याच लावल्त्या.

आम्ही दोघांनी नारळाबरोबर मोटारही फेकून दिली होती. त्यांनी श्रद्धेनं, मी ऐटीनं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

गावात बॅटरी एकाच माणसाकडे आहे. धर्मराजच्या ट्रॅक्टरमध्ये.

गेले. अंगणात उभी राहून सरळ सांगितलं, तुमच्या बॅटरीवाचून आमचं अडलंय. मला वाटलं आता चांगला अर्धा तास ऐकून घ्यावं लागणार. पण तो विचारात पडला. म्हणाला, बाई, माझा बाप सांगायचा, चक्कीवर मोटार यायची. मला कायम वाटायचं, मोटारीला तिथं काय काम? मग म्हणाला, ट्रॅक्टर मी स्वतः चालवत आणीन, दुसऱ्याच्या हाती देणार न्हाई.

रविवार, १२ ऑक्टोबर

भर दुपार. चक्कीघरात आम्ही पाचजण, मामा, मी, मालनबाई, सर आणि धर्मराज. ट्रॅक्टर दाराशी. मालनबाईंनी रानातून वाट तोडून काढली होती. चाक वेगात. खिडकीला गोणपाट बांधून खोली अंधारी केली. मी बॅटरीच्या दोन तारा मामांच्या हातात दिल्या. मी लावू का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी भिंतीला कान लावला, आवाज ऐकला, आणि दोन्ही तारा टेकवल्या. निळी ठिणगी. जल्दी काढून घेतल्या. डायनामोचा आवाज बदलला, जड झाला, यावेळी मलाही कळला. वर टांगलेल्या बल्बात आधी लालसर धागा दिसला, मग पिवळा, आणि मग सगळी खोली, वटवाघळं, कोळिष्टकं, मालनबाईंचं उघडं तोंड, सगळं दिसायला लागलं.

धर्मराजनं डोक्याची टोपी काढली आणि मामांना म्हणाला, "लाइटवाले, माझं चुकलं."

हाक तीच, पण कुणी हसलं नाही.

मी रडले. मामा म्हणाले, रडू नको, ठोकळ्यांवर पाणी पडंल.

बुधवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

काल इतकी माणसं घरी होती की लिहायला जमलं नाही. आता शाळेत जायच्या आधी लिहून टाकते.

भोकरदनचा मंडपवाला संपत त्याची सगळी वायर घेऊन आला होता. चक्कीपासून शाळेपर्यंत बांबू रोवून त्यावरून ती नेली. सकाळी वस्तीत वंदना झाली, दुपारपासून गाव शाळेकडे लोटलं. शेजारच्या गावच्याही बैलगाड्या आल्या. दिवाणखान्यात मधोमध, जिथे पूर्वी दिव्याची काचेची हंडी असायची तिथल्याच कडीला, सरांनी स्वतः शिडीवर चढून बल्ब टांगला.

दिवेलागणीला मामा चक्कीकडे निघाले. तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी विचारलं, मामा, तुम्ही इतकी वर्षं दिवे लावले, ते आत कसे दिसायचे?

"मला कसं ठावं? मी चक्कीवर. आन नसतो तरी आत कोण घेणार व्हतं? लांबून खिडकी पिवळी दिसायची."

मला तेव्हा ती शाळेची पायरी आठवली. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. रानातून चालतात, कुंडीत उतरतात, आणि त्या एका पायरीपाशी ते गुडघे दुखतात.

मी त्यांच्या हातून झडपेची किल्ली काढून घेतली. म्हटलं, आज चक्की मी चालवते. तुम्ही आत जाऊन बसा. ते नाही नाही म्हणाले, तुला आवाज कळत न्हाई म्हणाले. मी म्हटलं, परवा कळला. धर्मराज आणि मी मिळून लावू. तुम्ही पायरी चढा. ज्या आत्याबाई दोन महिने नाक कापायच्या गोष्टी करत होत्या, त्यांनी मामांचा हात धरला आणि गावासमोर चालायला लागल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी चक्कीघरात होते. पाच बोटं झडप, भिंतीला कान, दोन तारा, ठिणगी. धर्मराज ट्रॅक्टरच्या तारा धरून उभा. मग आवाज जड झाला, आणि क्षणभर पाण्याशिवाय काही ऐकू येईना. आणि मग गावाच्या अंगाने एक ओरडा उठला. एवढा मोठा, की पाटाच्या कडेला उभ्या मालनबाईंच्या बायांनी तिथून उलट ओरडून उत्तर दिलं. धर्मराज म्हणाला, लागला. मी म्हटलं, लागला.

सर नंतर भेटले, त्यांनी आतलं सगळं सांगितलं. पंधरा ऑगस्टपासून थांबवून ठेवलेला तो अर्ज त्यांनी सगळ्यांसमोर काढला, त्यातलं ते वाक्य खोडलं, आणि खाली लिहिलं की या गावात तातेरावांनी वीज लावलेली आहे, आता सरकारने पुढे न्यावी. तो अर्ज आज टपालाने जाईल.

मामा तासाभराने चक्कीवर परत आले. मी दमून दगडावर बसले होते. ते शेजारी बसले, आणि सांगण्यासारखं पुष्कळ असेल म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "पोरी, त्या खोलीचं छत निळं हाय. मला वाटायचं, पांढरं आसंल."

तीन वर्षं मी त्या खोलीत रोज शिकवते. छत कोणत्या रंगाचं आहे, हे मला सांगता आलं नाही. तिथे दिवसाही सावलीच असते आणि मान वर करून पाहायचं कधी सुचलं नाही.

निघते आता. आधी दिवाणखान्यात जाईन आणि वर बघेन.

दुपारी, मधल्या सुट्टीत. निळं आहे. कडेनं पांढरी वेलबुट्टीसुद्धा आहे, ती मामांच्या नजरेतून सुटली. आज संध्याकाळी त्यांना पुन्हा आत नेऊन दाखवायची आहे.